विश्लेषण : रविवारची सुट्टी गिरणी कामगारांनी कशी मिळवली? कोण होते नारायण मेघाजी लोखंडे?

दर वर्षी १० जून जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिलेली नाही, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, असे त्यात म्हटलेले असते. संदेशातील नाव बरोबर आहे, तारीखही बरोबर आहे. मात्र ५,५०० कामगारांचे निवेदन, सुमारे १०,००० कामगारांची सभा आणि मधली सहा वर्षे त्यातून हमखास गळतात. कायद्याचा आधार नसताना, युनियन हा शब्दही रुळलेला नसताना मुंबईच्या गिरणी कामगारांनी हे कसे साधले आणि त्यात लोखंडे यांची नेमकी भूमिका काय होती, याचा हा आढावा.

गिरण्यांमधील परिस्थिती काय होती?

मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात ताडदेव येथे सुरू झाली. १८९० च्या सुमारास शहरात जवळपास ७० गिरण्या आणि ५० हजारांहून अधिक कामगार होते. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेली माणसे परळ, लालबाग, भायखळ्याच्या चाळींमध्ये दाटीवाटीने राहत होती.

गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे कामाचे तास घड्याळापेक्षा सूर्यावर ठरत. उजाडले की काम सुरू, अंधारले की बंद. हिवाळ्यात हा दिवस बाराएक तासांचा, तर उन्हाळ्यात १३ ते १४ तासांचा होई. एकाच वाफेच्या इंजिनावर सगळी यंत्रे चालत असल्याने इंजिन फिरते तोवर कुणालाही जागेवरून हलणे कठीण. दुपारच्या जेवणासाठी ठरलेली सुट्टी सगळीकडे नव्हती. अनेक जण साच्याजवळच घाईघाईने भाकरी खात.

आठवड्याला ठरलेली सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहिली तरी यंत्रे साफ करण्यासाठी कामगारांना बोलावले जाई. पगार महिना उलटून गेल्यावर, कधी त्याहूनही उशिरा हातात पडे. त्यातून दंड कापला जाई. कामावर घेणे आणि काढणे जॉबरच्या हाती होते. जॉबरची मर्जी गेली की नोकरी गेली, दाद मागायला जागा नाही.

कायदा नव्हता का?

होता, पण प्रौढ कामगारांसाठी नव्हता. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येणार नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. मुलांना महिन्याला चार सुट्ट्याही होत्या. स्त्रिया आणि प्रौढ पुरुष यांच्या तासांबद्दल कायदा गप्प होता.

या कायद्यामागचे राजकारणही समजून घ्यायला हवे. मुंबईतील सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे सुधारक कामगारांच्या कळवळ्याने कायद्याची मागणी करत होते. दुसरीकडे, भारतीय गिरण्यांचे स्वस्त कापड इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांना सलत होते. येथील कामाचे तास कमी झाले तर त्यांचा फायदा होता. त्यामुळे फॅक्टरी कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा डाव, असे मुंबईचे गिरणीमालक म्हणत आणि तेव्हाची बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रे त्यांच्या सुरात सूर मिसळत.

या वादात दोन्ही बाजूंनी कामगारांच्या नावाने बोलले जात होते. कामगार समाधानी आहेत, त्यांना कायदा नकोच आहे, असे मालकांचे म्हणणे. प्रत्यक्ष कामगाराला मात्र कुणी विचारत नव्हते. लोखंडे यांचे काम सुरू झाले ते याच ठिकाणी.

लोखंडे या क्षेत्रात कसे आले?

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. ठाण्यात शालेय शिक्षण झाल्यानंतर त्यांनी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली. पुढे काही काळ ते मुंबईतील मांडवी गिरणीत स्टोअरकीपर होते.

ही नोकरी महत्त्वाची ठरली. स्टोअरकीपर हा यंत्रावर राबणारा कामगार नसतो आणि मालकही नसतो. कुणाला कधी बोलावले, कुणाचा पगार अडकला, कोण जखमी होऊन घरी बसला, हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. शिवाय लोखंडे यांना लिहिता-वाचता येत होते आणि बहुतेक कामगारांना येत नव्हते.

दुसरा धागा सत्यशोधक समाजाचा. महात्मा जोतिराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्याचे मुंबईतील आघाडीचे कार्यकर्ते झाले. सत्यशोधक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र आर्थिक अडचणीत बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले. पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे १७ वर्षे, ते त्याचे संपादक होते. शेतकरी आणि कामगारांची गाऱ्हाणी मराठीत नियमितपणे छापणारे हे त्या काळातील मोजक्या पत्रांपैकी एक. फुले स्वतः मुंबईत येऊन लोखंडे यांच्याबरोबर कामगारांच्या सभांत बोलत.

फुले आणि लोखंडे यांच्यात मतभेद होते का?

होते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचा सुरुवातीचा भाग ‘दीनबंधु’त छापला गेला. पुढचा मजकूर सरकार आणि उच्चवर्णीय नोकरशाहीवर अधिक कडक होता. लोखंडे यांनी तो छापणे थांबवले. फुले चिडले आणि आपल्याच लोकांच्या पत्राने भित्रेपणा केला, अशी नाराजी त्यांनी लेखी नोंदवली.

या प्रसंगातून लोखंडे यांचा स्वभाव दिसतो. ते सावध होते. पत्र जप्त होईल, खटला होईल, सरकारदरबारी दरवाजा बंद होईल असे काही करण्याकडे त्यांचा कल नव्हता. या सावधपणाची किंमत त्यांनी फुले यांच्या रागाच्या रूपाने मोजली. मात्र नोकरी टिकवून लढावे लागणाऱ्या हजारो कामगारांना पुढे आणताना हाच स्वभाव उपयोगी पडला, असेही म्हणता येते.

१८८४ मध्ये नेमके काय घडले?

१८८१ च्या कायद्यात बदल हवेत का, हे तपासण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. आयोग मालकांचे, व्यवस्थापकांचे, डॉक्टरांचे म्हणणे ऐकणार होता. कामगारांचे म्हणणे कामगारांनीच मांडावे, यासाठी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सभांमध्ये मागण्या ठरल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला देण्यात आले. मुख्य मागण्या अशा होत्या :

– सर्व कामगारांना दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी.
– दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती.
– काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.
– महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा.
– कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची सोय.

आज हे साधे वाटते. तेव्हा निवेदनात नाव देणे म्हणजे जॉबर आणि मालक दोघांच्या नजरेत येणे होते. संप केला तर गर्दीत मिसळता येते, कागदावर नाव दिले की ते कायमचे राहते. एकट्याने नाव दिले असते तर दुसऱ्या दिवशी गिरणीचा दरवाजा बंद झाला असता. ५,५०० जणांना एकाच वेळी काढणे मात्र कुठल्याही गिरणीला शक्य नव्हते. सामूहिक निवेदनाचे बळ या साध्या हिशेबात होते.

निवेदनाचा लगेच उपयोग झाला का?

नाही. आयोगाने अहवाल दिला, पण कायदा बदलला नाही. पाच-सहा वर्षे तशीच गेली. या काळात लोखंडे यांनी ‘दीनबंधु’तून गिरण्यांची गाऱ्हाणी छापणे सुरू ठेवले आणि कामगारांचे अर्ज सरकारकडे जात राहिले.

त्यांनी उभ्या केलेल्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ला देशातील कामगार संघटनेची सुरुवात म्हटले जाते. पण तिचे स्वरूप आजच्या युनियनसारखे नव्हते. संघटनेकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियमावली नाही आणि लोखंडे हे विनामोबदला सल्लागार म्हणून काम करतात, अशी नोंद १८९२ च्या सरकारी अहवालात आहे. सरकारी अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा उणेपणा होता. पण ज्या कामगाराला वर्गणी परवडत नव्हती आणि सभासद म्हणून नोंद होण्याची भीती होती, त्याला अशा सैल संघटनेतच येता येत होते.

२४ एप्रिल १८९० ची सभा का महत्त्वाची?

१८९० मध्ये वारे बदलले. कामगारांच्या प्रश्नावर मार्चमध्ये बर्लिन येथे आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि भारतात नवा फॅक्टरी कायदा होणार हे दिसू लागले. अशा वेळी २४ एप्रिल रोजी लोखंडे यांनी मुंबईत सभा बोलावली. सुमारे १०,००० कामगार जमले. शहरातील गिरणी कामगारांची तेव्हाची संख्या पाहता, साधारण दर पाच-सहा कामगारांमागे एक जण तेथे हजर होता.

या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. गिरण्यांच्या रिळ आणि वाइंडिंग खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. घरचे करून गिरणीत यायचे आणि परत जाऊन घरचेच करायचे, असा त्यांचा दिवस. स्त्रीने जाहीर सभेत बोलणे सुशिक्षित घरांतही दुर्मीळ होते त्या काळात गिरणीतल्या दोन बाया हजारोंसमोर उभ्या राहिल्या. त्यांची नावे मात्र या सभेच्या प्रचलित इतिहासात येत नाहीत.

सभेने साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारे निवेदन गिरणीमालकांच्या संघटनेला पाठवले. रविवारच का, यामागे खंडोबाचा वार हे कारण लोखंडे देत असत, असे सांगितले जाते. खंडोबा हे घाटावरच्या असंख्य घरांचे कुलदैवत असल्याने ते कामगारांना चटकन पटण्यासारखे होते.

१० जून १८९० रोजी मालकांनी काय मान्य केले?

गिरणीमालक संघटनेच्या सर्वसाधारण सभेने १० जून १८९० रोजी कामगारांना आठवड्याची सुट्टी देण्याचे मान्य केले. सभेला जेमतेम दीड महिना झाला होता. या मागणीसाठी ना गिरण्यांवर दगडफेक झाली होती, ना यंत्रांची मोडतोड.

मालक केवळ माणुसकीने वळले असे नाही. कायदा येणारच होता, तेव्हा एक मागणी आधीच मान्य करून बाकीचे निर्बंध सौम्य ठेवणे त्यांच्या सोयीचे होते. पण कामगारांना सुट्टी नकोच आहे, हा त्यांचा जुना युक्तिवाद १०,००० माणसे मैदानात उभी राहिल्यावर टिकणे शक्य नव्हते. लँकेशायरचा दबाव कायदा आणू शकत होता. पहिली मागणी सुट्टीचीच असेल, हे ठरवले कामगारांनी.

येथे व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशात एक दुरुस्ती करायला हवी. १० जूनचा निर्णय मुंबईच्या गिरण्यांपुरता होता. सरकारी कचेऱ्या रविवारी आधीपासून बंद असत. त्या दिवशी संपूर्ण देशाला सुट्टी मिळाली, असे झाले नाही.

पुढे कायदा कसा झाला?

त्याच वर्षी केंद्रीय सरकारने नवा फॅक्टरी आयोग नेमला. मुंबईतील चौकशीसाठी लोखंडे यांना त्याचे सहयोगी सदस्य करण्यात आले. सहा वर्षांपूर्वी आयोगाच्या दारात निवेदन घेऊन उभा असलेला माणूस आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून साक्षी ऐकत होता.

१८९१ च्या कायद्याने आठवड्याची एक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. स्त्रियांसाठी ११ तासांची, तर ९ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली. १८८४ च्या यादीतील दोन मागण्या सात वर्षांत कायद्यात उतरल्या.

प्रौढ पुरुषांच्या तासांवर मात्र मर्यादा आलीच नाही. त्याचा फटका पुढे बसला. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली. काही गिरण्या दिवसाला १४-१५ तास चालू लागल्या. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली. जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा १९२३ मध्ये झाला. ठरावीक तारखेच्या आत पगार देण्याचा कायदा १९३६ मध्ये झाला, म्हणजे मागणी मांडल्यानंतर ५२ वर्षांनी. दुकाने आणि उपाहारगृहांतील नोकरांसाठी साप्ताहिक सुट्टीचा केंद्रीय कायदा १९४२ चा आहे.

लोखंडे यांनी आणखी काय केले?

१८९० मध्येच मुंबईत आणखी एक वेगळा सामूहिक नकार घडला. विधवांचे केस कापण्याची प्रथा तेव्हा उच्चवर्णीय घरांत होती आणि वस्तरा चालवावा लागे नाभिकांना. हे काम यापुढे करायचे नाही, असा निर्धार नाभिकांनी केला. लोखंडे आणि ‘दीनबंधु’ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. रूढी कुणाच्या तरी हातांनी चालते आणि ते हात थांबले तर रूढीलाही थांबावे लागते, हे सत्यशोधक कार्यकर्त्यांनी ओळखले होते.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल उसळली. ७० हून अधिक लोक मारले गेले आणि गिरणी कामगारही तीत ओढले गेले. तीन वर्षांपूर्वी एका मैदानात जमलेली माणसे आता एकमेकांविरुद्ध उभी होती. लोखंडे यांनी दोन्ही समाजांत सलोखा घडवण्यासाठी धडपड केली. या कामासाठी सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

मृत्यू कसा झाला?

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले, गिरण्या ओस पडू लागल्या. लोखंडे मात्र आजाऱ्यांच्या मदतीसाठी शहरातच थांबले. त्यांनाही लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय जेमतेम ४८-४९. महिन्याभरातच, १० मार्च रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचेही प्लेगग्रस्तांची सेवा करताना निधन झाले.

सभासदांची यादी आणि निधी नसलेली लोखंडे यांची संघटना त्यांच्यानंतर टिकली नाही. एका माणसाभोवती उभ्या राहिलेल्या कामाची ही मर्यादा होती. देशपातळीवरील पहिली कामगार संघटना, आयटक, उभी राहायला १९२० साल उजाडावे लागले. लोखंडे यांच्या नावाने टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीट काढले. परळ येथील राज्य सरकारच्या श्रम विज्ञान संस्थेलाही त्यांचे नाव आहे.

आज या इतिहासाचे महत्त्व काय?

सुट्टी एका व्यक्तीने मिळवून दिली, असे म्हटले की पुढच्या पिढीला दुसऱ्या लोखंडेंची वाट पाहत बसावे लागते. प्रत्यक्षात लोखंडे यांनी केलेली कामे मोजकी होती. त्यांनी गाऱ्हाणी लिहून काढली, मागण्यांची यादी केली, ती छापली आणि माणसांना एका ठिकाणी बोलावले. निवेदनावर नाव देण्याचा आणि मैदानात उभे राहण्याचा धोका हजारो कामगारांनी पत्करला.

गिरणगावच्या जागी आता मॉल आणि टॉवर उभे आहेत. त्याच रस्त्यांवरून दुचाकीवर खाण्याचे डबे पोहोचवणारे तरुण आणि टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायका रोज ये-जा करतात. सुट्टी घेतली तर त्या दिवसाची कमाई बुडते किंवा मालकिणीची बोलणी खावी लागतात, हा त्यांच्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. त्यांची कामाची जागा एक नाही आणि मालक कोण, हेही अनेकदा स्पष्ट नसते. १८८४ मध्ये कामगारांना एकत्र आणायला गिरणीचा दरवाजा तरी होता. आजच्या कामगारांना तो नाही. त्यामुळे त्यांच्या मागण्यांच्या कागदावर ५,५०० नावे कशी जमवायची, हा प्रश्न लोखंडे यांच्या काळापेक्षा कठीण झाला आहे.